सशाचा स, शहामृगाचा श

कृष्णाकाठच्या एका गावात संदीप पाटील नावाचा हौशी गडी राहत होता. कुठलीही गोष्ट जोडीनं शोभली पाहिजे, हीच त्याची हौस. बेंदराला दोन्ही बैलांच्या शिंगांना एकच रंग लागे. दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच नक्षीचे कट्टे होते. लग्नात तर नवरीच्या शालूतलं कापड नेऊन त्यानं फेट्याचा रंग जुळवून आणला होता.

तसं हे घराण्यातच होतं म्हणा. थोरला प्रदीप, मधला हा संदीप, धाकटा कुलदीप. त्यांच्या आईला एकाला हाक मारायची तर आधी बाकीचे दिवे लावावे लागत. "आरं परदीप... कुलदीप... संदीप, हिकडं ये." तिघांनाही या माळेची इतकी सवय झाली होती की तिसरं नाव येईपर्यंत कोणी जागचा हलत नसे.

अशा संदीपच्या घरी जुळे मुलगे झाले. मग काय विचारता! दवाखान्यात बाळांच्या मनगटावरच्या पट्टीवर आईचंच नाव होतं, 'बेबी ऑफ सुनंदा १' आणि 'बेबी ऑफ सुनंदा २'. तिथून घरी आल्यापासून संदीप मोबाइलवर नावंच शोधत बसला. आरव-आरुष पाहून झालं, अर्णव-अथर्व झालं, रियांश-कियांश झालं. एकेक जोडी त्यानं बाद केली, कारण दोन नावांत फरक फार पडत होता. शेवटी बारशाच्या आदल्या रात्री त्याला हवं ते सापडलं. सुनंदाला हलवून उठवत तो म्हणाला, "बघ. श्रेयस आणि श्रेयश. फक्त एका अक्षराचा फरक!"

दोन तान्ही पोरं सांभाळणारी बाई ती. "सकाळी बघू," एवढंच म्हणाली आणि कूस बदलून झोपली. संदीपनं तो होकार धरला.

बारशाला शेजारचे गुरुजी घुगऱ्या खायला आले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, अर्ध्या गावाला अंकलिपी शिकवलेले. संदीपनं मोठ्या अभिमानानं त्यांना नावं सांगितली. गुरुजींनी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली.

"पहिलं काय म्हणालास?"

"श्रेयस."

"आणि दुसरं?"

"श्रेयश."

"तेच विचारतोय, दुसरं काय?"

बायका हसल्या. संदीपही हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. "अरे बाबा, श्रेयस हा शब्द आहे. चांगला, जुना, अर्थाचा शब्द. श्रेयश ही त्याची झेरॉक्स आहे."

"गुरुजी, जुळी हायती. नावं जुळायला नकोत व्हय?"

"आपल्या पुराणांत जुळ्यांना काय तोटा आहे? लक्ष्मण आणि शत्रुघ्न जुळे. एक तरी अक्षर जुळतं का? नकुल आणि सहदेव जुळे. हाक मारली तर चुकून दुसरा येईल का? लव-कुश घे. वाल्मीकींनी दर्भाच्या एकाच मुठीवरून दोघांची नावं ठेवली, वरच्या भागावरून कुश आणि खालच्या भागावरून लव. मूळ एक, पण कानाला दोन. लांब कशाला जातोस? मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावं ठेवली असं सांगतात. एका नावाचे दोन भाग केले, शहाजी आणि शरीफजी. आळंदीची चार भावंडं बघ. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. चौघांच्या नावांत एकच वाट आहे, पण ती अर्थातून जाते. आवाजातून नाही."

"आणि सारखी नावं कुणाचीच न्हाईत?" संदीपनं विचारलं.

"आहेत की. पुराणांनी यमकातली नावं मोजून कुणाला दिलीत माहीत आहे? राक्षसांना." गुरुजी आता रंगात आले. "शुंभ-निशुंभ. चंड-मुंड. त्या चंड-मुंडांना देवीनं एकाच लढाईत संपवलं आणि दोघांचं मिळून तिचं एक नाव झालं, चामुंडा. सुंद आणि उपसुंद सख्खे भाऊ. त्यांना वर असा होता की एकमेकांशिवाय कोणी मारू शकणार नाही. तिलोत्तमा समोर आली आणि त्यांनी एकमेकांनाच मारलं. हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू. मी इतकी वर्षं वर्गात विचारत आलोय, वराहानं कुणाला मारलं आणि नरसिंहानं कुणाला? निम्मा वर्ग चुकायचा. मेल्यावरसुद्धा त्यांचा गोंधळ मिटला नाही."

"जय-विजय तर देवाचे द्वारपाल हुते," संदीप हटला नाही.

"होते. आणि सनकादिकांचा शाप कुणाला लागला? दोघांनाही. आत जायला कोण आडवा आला, कोण उद्धट बोलला, कुणी चौकशी केली नाही. आणि शापानं जन्म कुठला मिळाला? हिरण्याक्ष-हिरण्यकशिपूचाच."

इथं खरं तर थांबायला हवं होतं, पण गुरुजी थोडं पुढे गेले. पाळण्याभोवतीच्या बायकांकडे पाहून म्हणाले, "आणि काशीराजाच्या तिघी मुली. अंबा, अंबिका, अंबालिका. एका नावाच्या तीन वाटण्या. भीष्मांनी तिघींना एकाच रथात घातलं. त्यातल्या अंबेनं मनानं दुसऱ्याला वरलंय, हे हस्तिनापुरात पोचेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही."

बायका गप्प झाल्या. सुनंदानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. गुरुजींनी आवाज उतरवला. "घाई काय आहे? जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव नव्हे. नाव वर्षभरात कधीही घाल, पैसाही पडत नाही. चार दिवस अंगणात उभं राहून दोन्ही नावं मोठ्यानं हाका मारून बघ."

पण पाहुणे जमलेले, पाळणा सजलेला, बॅनरवर दोन्ही नावं छापून झालेली. बॅनर छापून झाल्यावर आपल्याकडे कुठलाच निर्णय मागे घेतला जात नाही. वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरला, मग दोन्ही बाळं फिरली, आणि आत्या कानात नाव सांगायला वाकली. आत्याच्या तोंडी श नव्हताच. तिच्या गावात शेतालाही सेत म्हणत आणि शाळेलाही साळा. तिनं पहिल्याच्या कानात सांगितलं, "सरेस." दुसऱ्याच्या कानात सांगितलं, "सरेस." बायकांनी पाठीत धपाटे घातले, पेढे वाटले, आणि दोन्ही पोरांची नावं ठेवून झाली.

पोरं मोठी होऊ लागली तसं एक दिसायला लागलं की ती सारखी अजिबातच नव्हती. श्रेयस आईवर गेलेला, बुटका, गोरा, घरकोंबडा. श्रेयश आजोबांवर, उंच, सावळा, दिवसभर नदीवर. शेंबड्या पोरानंही ओळखावं इतकं वेगळेपण. पण जिथं पोर समोर नसे आणि कागद समोर असे, तिथं दोघं एक होत. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस दोघांना एकाच दिवशी टोचली, पण नर्सबाईंनी ती एकाच कार्डावर दोनदा टिपली. पुढच्या खेपेला दुसरं कार्ड कोरं पाहून त्या पुन्हा टोचायला निघाल्या, तेव्हा सुनंदानं त्यांचा हात धरला. आधार काढलं तेव्हा इंग्रजीतला शेवटचा एच टाइप करताना गळाला. पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे कार्डावरचा नंबर आणि छोटा फोटो यांपलीकडे दोघांना वेगळं करणारं काही उरलं नाही. शाळेत नाव घालताना संगणकानं दुसरी नोंद घेतलीच नाही. आई तीच, वडील तेच, पत्ता तोच, जन्मतारीख तीच, स्पेलिंगही तेच. संगणकाच्या हिशेबानं संदीप पाटील एकाच मुलाला दोनदा शाळेत घालत होता.

पहिलीच्या बाईंनी त्यावर तोडगा काढला. हजेरी घेताना त्या विचारत, "कुठला? सशाचा की शहामृगाचा?" अंकलिपीत स सशाचा आणि श शहामृगाचा. महिनाभरात बाईंनी मधला प्रश्न गाळला. बुटका झाला ससा, उंच झाला शहामृग. शाळा, गल्ली, नदी, सगळीकडे हीच नावं चालली. आजीलासुद्धा ती बरी पडली. गाव शहाणं असतं. बापानं नाव ठेवलं नाही तर गाव ठेवतं.

कागदाला मात्र ससा चालत नव्हता. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या अभ्यासाला ससा पहाटे उठून बसायचा. शहामृग बसायचा तो उशीवर. निकाल लागला आणि यादीत नाव आलं, श्रेयश संदीप पाटील. शाळेनं प्रमाणपत्रावर यादीतलंच नाव घातलं. व्यासपीठावर पुकारलं तेव्हा शहामृगच उठून गेला, कारण पुकारलेलं नाव त्याचंच होतं. घरी आल्यावर त्यानं प्रमाणपत्र भावाच्या हातात दिलं. "घे, तुझंच हाय." संदीप हसत म्हणाला, "घरातच हाय की. एकाला मिळालं काय आन दुसऱ्याला मिळालं काय."

त्या संध्याकाळी ससा माडीवर निळं पेन घेऊन बसला. श पुसून त्याला तिथं स काढायचा होता. आधी पेनातली शाई आणि छापलेली शाई जुळेना. मग त्यानं ब्लेडच्या टोकानं अक्षर हळूच खरवडलं. कागद पातळ झाला आणि तेवढ्याच जागी भोक पडलं. आता प्रमाणपत्रावर होतं 'श्रेय', मग एक भोक, आणि पुढे 'संदीप पाटील'. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सांगितलं की खाडाखोड केलेलं प्रमाणपत्र कुठंच चालत नाही. त्यासाठी पोराला कान धरून उभं केलं ते वेगळंच.

उलटही होत होतं. शहामृगाच्या चेंडूनं पतसंस्थेची काच फुटली. तक्रार नावानिशी आली आणि मार सशाला बसला, कारण तक्रार लिहिणाऱ्यानं स लिहिला होता. शहामृग स्वतःहून पुढे येऊन सांगत होता, तरी कुणी ऐकून घेतलं नाही. भाऊ भावाला वाचवतोय, असंच सगळ्यांना वाटलं. पुढे पुढे शहामृगानं सांगणं सोडून दिलं. आणि सशानं पहाटे उठणं.

सहावीत असताना भर पावसात दोघांनाही ताप भरला, घसा सुजला. तालुक्याच्या दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या कॉटवर ठेवलं. सशाला लहानपणी एकदा पेनिसिलिनच्या इंजेक्शननं अंगभर गांध्या उठून श्वास लागला होता, म्हणून त्याच्या केसपेपरवर लाल अक्षरात तसं लिहिलेलं. डॉक्टरांनी त्याला वेगळं औषध दिलं. शहामृगाला पेनिसिलिन चालत होतं, त्याला ते लिहून दिलं. रात्री पाळी बदलली. सुनंदा खाली गरम पाणी आणायला गेली होती. नवीन सिस्टर हातात इंजेक्शन घेऊन आली आणि सशाच्या कॉटपाशी उभी राहिली.

रुग्णाची ओळख एकाच खुणेवर ठरवू नये, दोन तरी खुणा ताडून बघाव्यात, हा दवाखान्यांचा नियम आहे आणि तिनं तो पाळला. "श्रेयश पाटील ना?" तिनं विचारलं. तापात ग्लानी आलेल्या पोराला श्रेयस ऐकू आलं. "हो." मग तिनं जन्मतारीख विचारली. तीही बरोबर निघाली. ती कशी चुकणार? सिस्टरचा दोष काढता येत नाही. तिनं स्पिरिटचा बोळा सशाच्या दंडावर फिरवला.

शेजारच्या कॉटवरून शहामृग उठून बसला. "सिस्टर, ते माझं हाय. त्यो ससा हाय."

"कोण?"

"ससा! मी शहामृग. त्याला त्ये इंजेक्शन चालत न्हाई."

तापात पोर बरळतंय असं तिला वाटू शकलं असतं. पण ती चांगली बाई होती. हात तसाच थांबवून तिनं दोन्ही केसपेपर दिव्याखाली धरले. एकावर लाल अक्षरं होती. वर नावं वाचली. पुन्हा वाचली. मग इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून ती खुर्चीवर बसली आणि पाणी मागितलं.

हे सगळं सुनंदाला कळलं तेव्हा ती तिथं काहीच बोलली नाही. पोरं घरी आली, ताप उतरला, आणि एक दिवस संदीप अंगणात दूध काढून येत असताना ती दारात उभी राहिली.

"बापाचं नाव दोघांचं एक," ती म्हणाली. "आडनाव एक. आईचं नाव एक. जन्मतारीख एक. आपल्याकडं पोराचं स्वतःचं म्हणून काय असतं? पुढचं नाव. तेवढंच. तेही तुम्ही दोघांत मिळून एकच दिलंत. दोन पोरं जन्माला घातली मी. दोन नावं हवीत मला."

संदीपला उत्तर सुचलं नाही. बादलीतलं दूध हिंदकळून पायावर सांडलं, तेही त्याच्या ध्यानात आलं नाही. तो तसाच शेजारी गेला. गुरुजींनी मागचं काही उकरलं नाही. पोरं अजून शाळेत आहेत तोवर हातपाय हलव, एवढंच म्हणाले. शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या नावाची दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं होते. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की मग प्रकरण लांबतं. राजपत्र, आधार, बँक, एकेक दार वाजवावं लागेल. वेळ जाईल, पण होईल.

आता प्रश्न उरला की बदलायचं कुणाचं? संदीपला वाटलं होतं पोरं यासाठी भांडतील. भांडलीही, पण त्याला वाटलं त्याच्या उलट. दोघांनाही नवीन नाव हवं होतं.

"मी बदलणार," ससा म्हणाला. "या नावानं मी मार खाल्लाय."

"या नावानं मी फुकटचं बक्षीस घेतलंय," शहामृग म्हणाला. "मला नको ते."

दोन दिवस घरात याच्यावरून खडाजंगी चालली. शेवटी आजीनं निवाडा केला. श्रेयस हा धड शब्द आहे असं गुरुजी म्हणाले होते, तर तो ज्याचा आहे त्यानं ठेवावा. ज्याला झेरॉक्स मिळाली त्याला नवं कोरं नाव मिळावं. सशानं थोडी कुरकुर केली आणि मग मान्य केलं. नव्या प्रमाणपत्रासाठी शाळेनं अर्ज मागितला होता, त्यावर त्यानं स्वतःच्या हातानं नाव लिहिलं आणि स वर दोनदा गिरवलं.

शहामृगाला त्याचं नाव त्यालाच निवडायला सांगितलं. तो दिवसभर नदीवर जाऊन बसला. पाऊस चालू होता. संध्याकाळी भिजून चिंब होऊन आला आणि म्हणाला, "मल्हार."

"झ्याक," आजी म्हणाली आणि लगेच अंगणात जाऊन ओरडून पाहिलं, "मल्हाऱ्या, ये मल्हाऱ्या!" शहामृग आला. ससा पुस्तकातून मान वर न करता तिथंच बसून राहिला. आजीला भलतीच मजा वाटली. तिनं आणखी दोनदा हाक मारून बघितली.

संदीप मोबाइल घेऊन पायरीवर बसला होता. त्याचा चेहरा उजळला.

"मल्हार फार भारी हाय," तो म्हणाला. "मी काय म्हणतो, अर्ज करतोयच तर आता श्रेयसचंबी बदलून टाकू. विहार. मल्हार-विहार, कसं..."

सुनंदानं त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला, दिव्याजवळ पाट मांडला आणि अर्ज स्वतःच भरायला घेतला.